रावसाहेबांच्या स्मरणार्थ

देशाची घटना नुकतीच लागू झाली होती, आणि डोंबिवलीत ज्याला त्याला आपापली घटना लिहायची घाई झाली होती. भजनी मंडळाला घटना होती, क्रिकेटच्या क्लबाला होती, दिवाळीत एकदाच भेटणाऱ्या एका स्नेहसंमेलनालासुद्धा उद्देश, पोटउद्देश आणि कोरम होता. यातल्या निदान पाच घटना माझ्या हातच्या. मी ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून होतो, अक्षर वळणदार होतं, आणि ‘सदरहू’ न घालता मला साधी चिठ्ठीसुद्धा लिहिता येत नसे. असा माणूस गावात मोकळा हिंडत असला की त्याला चिटणीस करतात. मलाही केलं. त्याचीच ही हकिकत आहे, आणि ती माझ्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या घरामागे एका बैठ्या घरात काकू राहायच्या. सगळी आळी त्यांना काकू म्हणायची, सख्ख्या मात्र त्या कोणाच्याच नव्हत्या. त्यांचे यजमान कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते तीन महिने अंथरुणाला खिळले. त्या दिवसांत बेडपॅन नावाची वस्तू असते हे काकूंनी ऐकलंही नव्हतं. त्या यजमानांच्या खाली लोखंडी घमेलं सरकवायच्या. काठ रुतू नये म्हणून त्याच्याभोवती जुनं लुगडं गुंडाळायच्या. तरी रुतायचाच. शेवटी रेल्वेच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी एक जुनं एनॅमलचं भांडं दिलं, निळ्या काठाचं, एका बाजूने टवका उडालेलं. “शेवटचे आठ दिवस तरी माणसासारखे गेले,” असं काकू म्हणायच्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कधी हलला नाही.

यजमान गेल्यावर ते भांडं परत करायला गेल्या तर नर्सबाईंची बदली झालेली. मग काकूंनी ते उकळलं, उन्हात वाळवलं आणि ठेवून दिलं. महिन्याभरात पलीकडच्या चाळीत कोणी म्हातारे पडले, त्यांना दिलं. ते परत आलं, तसं दुसऱ्याकडे गेलं. मग कोणी आपली शेकायची पिशवी आणून दिली, कोणी बर्फाची टोपी, एका सुतारानं मुलाचा पाय बरा झाल्यावर कुबड्यांची जोडी. पडवीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत हे सगळं राहायचं. कोणीही यावं, केव्हाही यावं, घेऊन जावं. वही नाही, अनामत नाही, सही नाही. एकच सांगणं असे, “परत आणताना उकळून आणा हो.” आठ वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्याला संस्था म्हणत नव्हते म्हणूनच ते चाललं होतं.

एका थंडीत गावात टायफॉईडची साथ होती. भांडं कोणाकडे तरी गेलेलं होतं, आणि गावठाणातली एक आगरी बाई धावत आली. मी तेव्हा काकूंच्या पडवीतच पेपर वाचत बसलो होतो.

“काकू, माजे सासूला उठवत नाय. तो तुमचा भांडा हाय का?”

काकूंनी नाही म्हटलं. ती बाई “बरा” म्हणून निघून गेली. एवढंच झालं. पण काकूंनी नंतर चहासुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, “अरे, आठ वर्षांत पहिल्यांदा कोणाला रिकाम्या हातांनी पाठवलं. काय करत असेल रे ती? घमेलंच घेईल. अजून एक भांडं हवं बघ. निदान एक.”

त्यांना एक भांडं हवं होतं. आळीत चार घरी फिरून वर्गणी काढली असती तर पुढच्या शनिवारी मुंबईहून आलं असतं. हे आज कळतं. तेव्हा माझ्यातला चिटणीस जागा झाला.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या बाजूला एका धर्मादाय निधीची कचेरी होती. जिल्ह्यातल्या एका कैलासवासी रावसाहेबांच्या नावाने त्यांच्या कुटुंबीयांनी तो काढला होता, आणि गावोगावच्या लोकोपयोगी कामांना त्यातून अनुदान मिळे. मी कचेरी सुटल्यावर तिथे गेलो. तिथल्या हेडक्लार्कनी मला छापील अर्ज दिला आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, “उपक्रम नवीन पाहिजे. चालू कामाला आपण देत नाही.”

“का बरं?”

“चालू आहे म्हणजे पैशांवाचून चालतंय की! मग आपण कशाला मध्ये पडायचं?”

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. अजूनही वाटतो.

अर्जातला सातवा प्रश्न असा होता: ‘सदरहू उपक्रम या गावी यापूर्वी चालू होता काय?’ मी टाक शाईत बुडवला आणि ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली. मग तो अर्ज काकूंना वाचून दाखवला, कारण अर्जासोबत जोडायच्या, या नव्या केंद्राच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीत एक स्त्री सदस्य हवी होती आणि ती त्याच होत्या.

काकू म्हणाल्या, “नाही कसं? आणि मग आठ वर्षं मी काय करत होते?”

“काकू, ते घरगुती होतं. हे रीतसर आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांना कागदाची भीती वाटायची. आणि मी शिकलेला होतो, हा त्यांचा माझ्याविषयीचा गैरसमज होता.

निधीचा तपासनीस गावात येऊन जागा बघणार होता. जुन्या वस्तूंनी भरलेली ट्रंक त्याला दिसली असती तर माझं ‘नाही’ उघडं पडलं असतं. तेव्हा ती ट्रंक कल्याणच्या एका धर्मार्थ दवाखान्याला देऊन टाकायची, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. काकू त्या सभेला होत्या. त्यांनीही हात वर केला, कारण मी त्यांना सांगितलं होतं की एकाच्या जागी दोन नवी भांडी येणार. ट्रंक हातगाडीवर चढवण्याआधी त्यांनी आतली वस्तू न् वस्तू उकळून काढली. निळ्या काठाचं भांडं सगळ्यात शेवटी ठेवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मला मात्र ठरावाचा मसुदा फार छान जमल्याचा आनंद झाला होता.

अनुदान मिळालं. शाळेच्या आवारातली एक खोली मिळाली, काचेचं कपाट आलं, पाटी आली. वेळ सायंकाळी पाच ते सात, रविवार आणि सुटीचे दिवस सोडून. साहित्य न्यायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि कार्यकारिणीच्या दोन सदस्यांच्या सह्या. नियम चौदा तर माझी खास कामगिरी होती: ‘कार्यकारिणीचे सदस्य व त्यांचे कुटुंबीय यांस केंद्रातील साहित्य वापरता येणार नाही.’ वशिलेबाजीला मुळातच वाव नको म्हणून मी तो घातला. निधीच्या कचेरीतून त्याबद्दल खास शाबासकीचं पत्र आलं, ते मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

निधीची स्वतःची एक अट होती. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर कैलासवासी रावसाहेबांचं नाव ‘ठळक व कायम राहील अशा रीतीने’ घालायचं. कार्यकारिणीत कोणी म्हणालं, तैलरंगाने लिहून घेऊ. मी उभा राहिलो. म्हटलं, आपल्याकडे वस्तू उकळून परत घेण्याची पद्धत आहे, रंग चार उकळ्यांत जाईल. नाव ठोकूनच घातलं पाहिजे. लग्नामुंजीत आहेर करायच्या भांड्यांवर घालतो तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नऊजण होतो आम्ही, त्यात तीन पदवीधर आणि एक डॉक्टर.

दोन बेडपॅन मुंबईहून आले ते जर्मनचे होते. ॲल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मनच म्हणत. ते दोन्ही आणि एनिमाचं भांडं घेऊन मी कल्याणच्या भांडीबाजारात नाव घालणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने बेडपॅन उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, ह्याच्यावर नाव टाकायचं?”

“ह्याच्यावरच. ठळक टाका. दिसलं पाहिजे.”

“कुणाचं नाव म्हणायचं?”

मी चिठ्ठी पुढे केली. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचे वंशज अजून आहेत आणि सज्जन आहेत. पण ‘कै.’पासून ‘स्मरणार्थ’पर्यंत, मध्ये रावसाहेब ही पदवी, नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव धरून ते इतकं लांब होतं की भांड्याच्या काठाला त्याने पुरता वळसा घातला. कारागीर दुपारभर ठोकत बसला होता. मी शेजारी स्टुलावर बसून एकेक अक्षर तपासून घेतलं. बसायच्या जागी नेमकी पदवी आली होती. तीही सुबक आली म्हणून मी त्याची पाठ थोपटली.

आता कोणी विचारील, तुम्हाला कोणालाच कसं दिसलं नाही? मलाही हे पुष्कळदा वाटतं. पण अट क्रमांक अकरामध्ये ‘प्रत्येक वस्तूवर’ असं होतं, आणि आम्ही अटी पाळणारे लोक होतो. भांडं आम्ही भांडं म्हणून पाहिलंच नाही, ‘नग’ म्हणून पाहिलं.

उद्घाटनाला रावसाहेबांचे चिरंजीव आले. भारदस्त, मितभाषी गृहस्थ. शाळेच्या सभागृहात पांढऱ्या चादरीवर सगळं साहित्य मांडलं होतं. भाषणं झाली, हार झाले, आणि मग ते एकेक वस्तू उचलून वडिलांचं नाव वाचू लागले. कुबड्यांवर डागून घातलेलं नाव पाहून त्यांचे डोळे पाणावले. थर्मामीटरच्या नळीवरची चिठ्ठी त्यांनी जवळ धरून वाचली. मग बेडपॅन उचलला. काठावरून बोट फिरवत, भांडं हळूहळू वळवत त्यांनी नाव शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं, “फार सुरेख. हे कशासाठी? फळं ठेवायला?”

आमचे डॉक्टर छताकडे पाहू लागले. अध्यक्षांनी घसा साफ केला. मला एकदम सगळं दिसलं. तेव्हा काकू पुढे आल्या.

“ज्याला उठवत नाही ना, त्याला अंथरुणातच खाली द्यायचं भांडं आहे ते,” त्यांनी शांतपणे सांगितलं. “गेली आठ वर्षं आमच्याकडे एकच...”

मी जोरात खोकलो.

काकू थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं बदललं. “फार हाल होतात हो नसलं की. रावसाहेबांना किती जणांचे आशीर्वाद लागतील बघा.”

यातलं अक्षर न् अक्षर त्या मनापासून बोलल्या होत्या. त्यांच्या लेखी माणसाच्या नावाला याहून चांगली जागा नव्हती. चिरंजीवांनी भांडं चादरीवर ठेवलं आणि रुमाल काढून हात पुसले. भांडं कोरं करकरीत होतं, तरी पुसले. अल्पोपाहाराला ते थांबले नाहीत.

आठ दिवसांत पत्र आलं. ‘सदरहू दोन नग वितरणातून वगळण्यात यावेत व कुलूपबंद ठेवण्यात यावेत. त्यांची विक्री, दान, मोड अथवा त्यांवरील नावात फेरफार करता येणार नाही. वार्षिक तपासणीत ते हजर करावेत.’ नाव कानशीने घासून काढता येईल का म्हणून मी गुपचूप त्या कारागिराला विचारून आलो होतो. तो म्हणाला, जर्मन मऊ असतं साहेब, भोक पडेल. तुम्हीच खोल टाकायला सांगितलं होतं. आता त्यालाही मनाई झाली. मी ‘आज्ञेप्रमाणे’ असं उत्तर लिहिलं आणि दोन्ही भांडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून किल्ली खिशात घातली. अनुदानापूर्वी डोंबिवलीत एक बेडपॅन होता. अनुदानानंतर दोन झाले, आणि मिळेनासे झाले.

लोक सवयीने काकूंच्याच दारात यायचे. काकू त्यांना शाळेकडे पाठवायच्या. पाच वाजेपर्यंत थांबा, चिठ्ठी आणा, सह्या आणा. बर्फाची टोपी मिळायची, पिशवी मिळायची. भांडं मागायला येणाऱ्याला मात्र काय सांगावं हे त्यांना समजत नसे. एकदा मला म्हणाल्या, “तू काहीतरी लिही ना त्यांना. तुझं अक्षर चांगलं आहे.” मी लिहिलं. तीनदा लिहिलं. तिन्ही पत्रांची पोच आली.

दोन वर्षांनी पावसाळ्याच्या अखेरीला काकू विहिरीच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात काही करण्यासारखं नाही, पडून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कर्जतहून त्यांची भाची शुश्रूषेला आली. मी रविवारी दुपारी मोसंबी घेऊन गेलो. दारातून आत पाऊल टाकलं तर भाची घाईघाईने कॉटखालून काहीतरी बाजूला ओढत होती. तिने पदराने झाकायचा प्रयत्न केला, पण मला दिसलं.

घमेलं होतं. काठाला जुनं लुगडं गुंडाळलेलं.

मला फार लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. मोसंबी हातात तशीच राहिली. काकूंचा चेहरा घामेजला होता, ओठ दाबून धरले होते, आणि मला पाहून त्या हसायचा प्रयत्न करत होत्या.

“काकू, मला सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? नियम आहे ना तुझा. चौदावा.” त्यांना आकडासुद्धा पाठ होता. “मी सदस्य आहे. आणि ती तर कुलपात आहेत. तू उगाच अडचणीत येशील, नोकरीचा माणूस.”

गावात आठ वर्षं सगळ्यांना भांडं पुरवणारी एक बाई होती, आणि गावात भांडं मिळायला नेमकी तीच दोन-दोन नियमांनी अपात्र होती. एक नियम माझ्या अक्षरात होता, दुसऱ्याखाली माझंच ‘आज्ञेप्रमाणे’ होतं. तातडीची सभा बोलवावी असं क्षणभर मनात आलं. घटनेप्रमाणे तिला सात दिवसांची नोटीस लागत होती. घटना मीच लिहिली होती.

मोसंबी तिथेच ठेवली, घरी जाऊन किल्ली घेतली आणि शाळेत गेलो. रविवार होता, केंद्र बंद. भर दुपारी स्वतःच्याच संस्थेत चोरासारखा शिरलो, खालचा कप्पा उघडला आणि एक भांडं पिशवीत घालून आणलं. भाचीने ते कोमट पाण्याने धुऊन कोरडं केलं. दोघांनी मिळून काकूंना जरा उचललं. त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे सैल पडले. मग मी पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

भाचीने हाक मारली तसा वळलो; ती ते बाजूला घेऊ लागली तेव्हा काकूंचा हात काठावर पडला. चष्मा नव्हता. त्यांनी बोटांनी चाचपलं, अक्षरांवरून बोट पुढे पुढे नेलं, आणि थांबल्या.

“अगंबाई! रावसाहेब की काय?”

मी मान हलवली.

“अरे, एवढ्या मोठ्या माणसाला कशाला तसदी दिलीस!” आणि त्या हसायला लागल्या. खुब्यात कळ गेली तशा कण्हल्या, तरी हसणं थांबेना. भाचीही हसायला लागली. मला हसता येईना. मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “फॉर्म भरलास?”

“नाही.”

“दोन सह्या?”

“नाही काकू.”

“बरं. परत नेताना उकळून ने हो.”

त्या पुढे पाच आठवडे होत्या. शेवटचे दिवस भाचीचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसरंही भांडं मी नेऊन दिलं. काकू गेल्यावर चौदाव्या दिवशी मी दोन्ही भांडी घरी आणली. आईने चूल द्यायचं नाकारलं, तेव्हा अंगणात तीन विटा मांडल्या आणि मोठ्या पातेल्यात स्वतः उकळली. उन्हात वाळवली. मऊ फडक्याने अक्षरांच्या खाचा पुसल्या आणि कपाटात होती तशी ठेवून दिली.

पुढच्या तपासणीला तोच तपासनीस आला. त्याने दोन्ही भांडी बाहेर काढवली, प्रकाशात धरली, नाव सगळं वाचलं. समाधानाने मान हलवली आणि रजिस्टरात लिहिलं: ‘दोन्ही नग अद्याप अवापरित. स्थिती नवीन. निगा उत्तम.’ मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

त्या उपक्रमात मी दोनदा खोटी सही केली. पहिली सातव्या प्रश्नाखाली होती, ती आठवली की अजून मान खाली जाते. ही दुसरी मी सावकाश, माझ्या उत्तम अक्षरात केली.